कोऱ्या चौकोनांचे मार्क

पत्राचा सारांश: इंदूरच्या एका शाळेत सहावीला विज्ञान शिकवणाऱ्या ताईंचं हे पत्र. वर्गात चाळीस मुलं. जुलैअखेर त्यांनी महिनाभराचा प्रोजेक्ट दिला: रोज रात्री चंद्र बघायचा आणि तीस चौकोनांच्या तक्त्यात त्याचा आकार काढायचा. वह्या भरून आल्या, देखण्या, रंगवलेल्या. मार्क देऊन झाल्यावर ताईंच्या लक्षात आलं की त्यातले कितीतरी दिवस इंदुरात झड लागली होती आणि चंद्र कुणाला दिसणंच शक्य नव्हतं. म्हणजे चित्रं मोबाइलवरून उतरवलेली. एकाच मुलाच्या वहीत अठरा चौकोन कोरे होते. त्यांत लिहिलं होतं: ‘बादल’, ‘बादल’, ‘नींद लग गई’, ‘मामा के घर, सामने बिल्डिंग’. त्यानं काढलेली कोरही खाली कलंडलेली होती, ती ताईंनी लाल पेनानं सरळ उभी करून दिली. त्याला दहापैकी चार. आता त्याची आई विचारते, “खरं लिहिलं म्हणून मार्क गेले ना?” त्यातच एका तारखेला कुणी ‘श्रावण’ लिहिलं, कुणी ‘भाद्रपद’, त्यावरून पालकांच्या ग्रुपवर वाद झाला तो वेगळाच. डिसेंबरात विज्ञान प्रदर्शन आहे आणि मुख्याध्यापिकांना त्या देखण्या वह्या मांडायच्या आहेत. ताई विचारतात: मार्क बदलू का? कॉपी करणाऱ्यांना शिक्षा करू का? वर्गापुढे चूक कबूल केली तर धाक राहील का? की हे निरीक्षणाचं लचांड सोडून क्रीमच्या बिस्किटांवर चंद्राच्या कला कोरायला लावू?

ताई,

तुमचं पत्र वाचून मला आधी माझी आजी आठवली, आणि मागोमाग माझी स्वतःची लबाडी. संकष्टीला रामबागेतल्या आमच्या गच्चीवर चंद्र आला का ते बघायला मला पाठवायचे. मी आठ-नऊ वर्षांची, पोटात कावळे, खाली मोदकांचा वास. एकदा वर न जाताच जिन्यातून ओरडले, “आला!” आजी तबक घेऊन वर गेली आणि वीस-पंचवीस मिनिटांनी खाली आली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, “तुझ्या पोटातला मघाच आला होता, आभाळातला आत्ता आला.”

ही गोष्ट मी उगाच सांगत नाही. पावसाळ्यात ढग असले की आजी कॅलेंडरवरची चंद्रोदयाची वेळ बघून उपास सोडायची. पण तेव्हा ती “चंद्र झाला असेल” म्हणायची, “दिसला” म्हणायची नाही. तुमच्या वर्गातल्या एकोणचाळीस मुलांनी ‘झाला असेल’ काढलं आणि एकानं ‘दिसला’ आणि ‘नाही दिसला’ काढलं. चाळीस वह्यांमध्ये निरीक्षणाची वही ती एकच. तिला चार मार्क मिळाले, याचं तुम्हाला वाईट वाटतंय ते योग्यच आहे.

पण लगेच बाकीच्यांना लबाड ठरवू नका. त्या मुलांनी नेमकं काय केलं ते बघा. तुम्ही तीस चौकोन दिले आणि तीस भरले तर पूर्ण मार्क, असं सांगितलं, किंवा सांगितलं नसलं तरी त्यांना तसं समजलं. काम सांगितलं श्रावणात. कोरा चौकोन म्हणजे अपुरा गृहपाठ, हे मुलं पहिलीपासून शिकत आली आहेत. त्यांनी गृहपाठ पूर्ण केला. शिवाय चंद्राचा आकार ही अशी गोष्ट आहे की तिचं उत्तर आधीच छापलेलं असतं, भिंतीवरच्या कॅलेंडरात आणि आईच्या मोबाइलवरही. ज्या प्रश्नाचं उत्तर घरात टांगलेलं आहे त्यासाठी मूल पावसात गच्चीवर कशाला जाईल? मीही गेले नव्हते. शिक्षेचा विचार सोडाच, प्रश्न बदला.

कॅलेंडरला ठाऊक नसलेलं असं काय विचारता येईल? ‘तुझ्या गच्चीवरून संध्याकाळी सात वाजता चंद्र कशाच्या वर होता? पाण्याच्या टाकीच्या, मोबाइल टॉवरच्या, की समोरच्यांच्या कडुनिंबाच्या?’ याचं उत्तर कुठल्याही वेबसाइटवर नाही. पहिल्या दिवशी मुलांना फक्त आपापल्या गच्चीवरून किंवा खिडकीतून दिसणारी इमारतींची रेघ काढू द्या. पश्चिमेपासून दक्षिणेकडून पूर्वेपर्यंत एक लांब पट्टी, चंद्र अजून नाहीच. मग त्याच जागी उभं राहून, त्याच वेळेला, चंद्र जिथे दिसेल तिथे काढायचा आणि शेजारी तारीख टाकायची. चार-पाच दिवसांत मुलांना जे कळेल ते तीस चौकोनांत कधीच कळणार नाही: चंद्र रोज पूर्वेकडे सरकतोय, आणि सरकताना भरत चाललाय. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते. त्याच वेळेला बघितलं तर चंद्र रोज सरासरी बारा अंश सरकलेला असतो, म्हणजे मुठीपेक्षा थोडा जास्त. सहावीच्या मुलाला हे मोजता येतं. त्याची मूठ लहान असली तरी हातही आखूड असतो, त्यामुळे हिशेब जमतो.

आता ‘रोज रात्री’ या शब्दांबद्दल. चंद्र रात्री बघायचा असतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी गंमत करत नाही, हा समज इतका घट्ट आहे की शिक्षकांच्या मनातही तो तपासला जात नाही. शुद्ध अष्टमीचा चंद्र भर दुपारी उगवतो. शाळा सुटून मुलं रिक्षात बसतात तेव्हा तो पूर्वेला पांढुरका, ढगाच्या तुकड्यासारखा दिसत असतो. वद्य पक्षात उलट. वद्य तृतीया-चतुर्थीपासून दशमीपर्यंत सकाळच्या प्रार्थनेला मुलं रांगेत उभी असतात तेव्हा चंद्र मैदानावरच असतो, आधी पश्चिमेला आणि अष्टमीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर. अर्धा महिना तो शाळेच्या वेळेत हजर असतो आणि आपण त्याला बघायला मुलांना रात्री दहाला जागवतो.

म्हणून माझा सल्ला असा: शुद्ध पक्ष संध्याकाळी, वद्य पक्ष सकाळी. द्वितीयेपासून पौर्णिमेपर्यंत संध्याकाळची एकच वेळ ठरवा, सात म्हणा. पहिले दोन दिवस मात्र त्याआधीच बघावं लागेल, कारण कोर लवकर मावळते. पौर्णिमेनंतर शाळेच्या मैदानात सकाळची एक वेळ धरा. कुणाची झोप मोडायला नको, आणि मुली अंधारात कुठे गेल्या म्हणून पालकांचा फोनही नको. (तसं बघितलं तर ‘रात्री मुलांना बाहेर कसं सोडायचं’ म्हणणारे आपले इंदुरी पालक त्याच मुलांना रात्री बाराला सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू खायला नेतात. नेतात तर नेऊ द्या, जाता-येता वर बघायला सांगा.)

एक गोष्ट आवर्जून सांगा: चंद्र शोधताना सूर्याकडे बघायचं नाही, आणि दिवसा दुर्बीण हातात द्यायची नाही.

त्या कलंडलेल्या कोरीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण तुमच्या लाल पेनाची खरी चूक तिथे झाली. पुस्तकातला उभा कंस ही आकृती आहे, चंद्र नव्हे. चंद्राची उजळ कड नेहमी सूर्याकडे असते. संध्याकाळी सूर्य नुकताच क्षितिजाखाली गेलेला असतो, म्हणून कोरीची उजळ बाजू खाली झुकते. किती झुकते हे ऋतूवर आणि गावाच्या अक्षांशावर ठरतं. आपलं इंदूर कर्कवृत्ताच्या जरासंच दक्षिणेला, पावणेतेवीस अंशांवर आहे. मार्चच्या आसपास संध्याकाळी चंद्र-सूर्याचा मार्ग आपल्याकडे पश्चिम क्षितिजावर जवळजवळ काटकोनात उभा असतो. त्यामुळे गुढीपाडव्यानंतरच्या द्वितीया-तृतीयेची कोर पाण्यावर तरंगणाऱ्या होडीसारखी आडवी दिसते, दोन्ही टोकं वर. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत तोच मार्ग क्षितिजाकडे बराच कललेला असतो, म्हणून कोर तिरपी, उजवीकडे खाली कलंडलेली दिसते. तुमच्या त्या मुलानं नेमकी तशीच काढली. पावसाळ्यातल्या इंदूरची कोर त्यानं बरोबर टिपली आणि आपण ती पुस्तकाप्रमाणे सरळ केली.

अजून एक. अष्टमीचा अर्धा चंद्र एका मुलीनं दुपारी चारला काढला आणि दुसरीनं रात्री दहाला, तर दोघींची चित्रं वेगवेगळ्या बाजूंनी तिरकी येतील. उगवताना उजळ बाजू वरच्या अंगाला असते, मावळताना खालच्या. दोघी बरोबर. म्हणून चित्राशेजारी तारखेइतकीच वेळही हवी. वेळ नसलेलं चित्र तपासताच येत नाही, मग त्यावर लाल पेन कुठल्या हिशेबानं चालवायचा?

मुलं पौर्णिमेच्या आगेमागे तीन दिवस ‘गोल’ काढतात, तेही कापू नका. पौर्णिमेच्या एक दिवस आधी आणि नंतर चंद्राचा साधारण ९९ टक्के भाग उजळलेला असतो. उरलेला एक टक्का साध्या डोळ्यांना दिसत नाही. उलट, तीन दिवस तंतोतंत वेगवेगळे काढणाऱ्या वहीवर मला जास्त संशय येईल. आणि कोरीच्या दोन टोकांच्या मध्ये चांदणी काढलेली सापडली, तर ते मूल झेंड्यावरचा चंद्र बघून आलंय. तिथे चंद्राचाच काळोखा भाग असतो, त्याच्यातून पलीकडची चांदणी कशी दिसणार?

श्रावण-भाद्रपदाच्या भांडणाबद्दल. ग्रुपवर पालक भांडले हे वाचून मला हसू आलं, कारण हे भांडण फक्त आपल्यासारख्या गावात होऊ शकतं. आपल्या मराठी घरांत महिना अमावास्येला संपतो, शेजारच्या हिंदी घरात पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं महिन्याचं नाव एकच असतं, वद्य पक्षात वेगळं होतं. म्हणून त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो. कृष्णजन्म आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमीचा, त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण अष्टमीचा, आणि रात्र एकच. त्या रात्री मंदिरात घंटा वाजतात त्याच सुमाराला पूर्वेला अर्धा चंद्र उगवत असतो, कारण वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपासच उगवतो. वर्गात दोन्ही कॅलेंडरं शेजारी-शेजारी टांगा आणि मुलांनाच शोधू द्या की नाव कुठे जुळतं आणि कुठे सुटतं. तिथी मात्र दोन्हीकडे तीच: चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी. चंद्राचा वेग कमीजास्त होतो म्हणून एखादी तिथी वीस तासांच्या आत-बाहेर आटोपते, एखादी सव्वीसच्या वर जाते, आणि म्हणून कधी कॅलेंडरात एखादी तिथी गळालेली दिसते. सहावीला एवढं खोलात जायची गरज नाही. पण एखाद्या मुलानं विचारलंच, तर ‘पंचांगवाल्यांची चूक आहे’ असं सांगू नका.

महिन्याचा हिशेबही यातच येतो. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात. तीस चौकोन आणि इंग्रजी महिन्याची एक तारीख यांचा चंद्राशी काही संबंध नाही. एक तारखेला सुरू केलं की मूल कुठूनतरी मधूनच गोष्ट ऐकायला लागतं.

मग सुरू कधी करायचं? माझं ऐकाल तर भाऊबीजेला. एक तर पाऊस गेलेला असतो. दुसरं म्हणजे त्या संध्याकाळी आपल्या घरांत भावाच्या आधी चंद्राला ओवाळतात, त्यामुळे घरचे स्वतःच मुलांना अंगणात किंवा गच्चीवर काढतात. हिंदी घरांतल्या मुलांना त्यांच्या मराठी मित्रांनी बोलवावं. कार्तिक शुद्ध द्वितीयेची कोर बारीक आणि खाली असते. इंदुरात तेव्हा सूर्य पावणेसहाच्या आगेमागे मावळतो, त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात पश्चिमेला, जरा डावीकडे नैऋत्येच्या अंगाला शोधायची. सापडली नाही तर दुसऱ्या दिवशी नक्की. तिथून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत संध्याकाळची पट्टी, तोवर सुट्टी संपून शाळा उघडलेली असेल, आणि पुढचे आठ-दहा दिवस सकाळचं मैदान. एवढं पुरे. पूर्ण तीस दिवसांचा हट्ट धरू नका. मध्ये संकष्टी येईल, तेव्हा ज्यांच्या घरी उपास असतो त्यांना चंद्र उगवल्याची खरी वेळ घड्याळात बघून लिहायला सांगा आणि कॅलेंडरमधल्या मुंबईच्या वेळेशी ताडून बघा. आपण मुंबईच्या तीन अंश पूर्वेला आहोत, त्यामुळे आपल्याकडे चंद्र सरासरी बारा मिनिटं आधी उगवतो, ऋतूप्रमाणे थोडं इकडेतिकडे. समोरच्या इमारतीनं आपला चंद्र वीस मिनिटं अडवून ठेवला, हेही त्यातूनच कळेल.

प्रत्येक मुलाला स्वतंत्र वही देण्याऐवजी मी वर्गाचं एकच जाडं रजिस्टर ठेवलं असतं. चाळीस मुलं, प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच दिवस. ज्याला दिसला त्यानं नाव, वेळ, जागा आणि चित्र द्यायचं. ज्याला दिसला नाही त्यानं का नाही ते लिहायचं. सुदामानगरात ढग होते आणि विजयनगरात उघडं होतं, असं बरेचदा होईल, आणि एकाचा कोरा चौकोन दुसऱ्याच्या नावानिशी भरेल. ज्याच्या खोलीतून आभाळच दिसत नाही त्या मुलाला सकाळच्या मैदानाची पाळी द्या, पण तो का नाही बघू शकला हे त्याला वर्गापुढे सांगायला लावू नका. पुढे कधी भाद्रपदात हा प्रयोग केलात तर गणेश चतुर्थीला काही घरांत मुलांना चंद्र बघू देणार नाहीत. त्यावर पालकांशी वाद घालत बसू नका. रजिस्टरमध्ये ‘घरी बघू दिला नाही’ असं लिहिलेलं चालेल. तीही त्या दिवसाची खरी नोंदच आहे.

आता मार्कांचं. बदला, आणि लवकर बदला. पण त्या मुलाला सगळ्यांपुढे उभं करून ‘बघा, हा एकटाच खरा’ असं म्हणू नका. सहावीत हे बक्षीस नसतं, डबा खायच्या सुट्टीत त्याला त्याची किंमत मोजावी लागते. त्याला एकटं बोलवा. लाल पेनानं सरळ केलेली कोर खोडा आणि शेजारी तुमच्या हातानं लिहा: ‘तुझी बरोबर होती, माझी चुकली.’ खाली सही करा. आईला दाखवायला तेवढं पुरे. वर्गाला एवढंच सांगा की मागचे मार्क मी धरत नाही, कारण श्रावणात हे काम देणं ही माझी चूक होती. धाकाची चिंता सोडा. ज्या बाई आपलं चित्र खोडून स्वतःची चूक लिहितात त्यांच्यापुढे मुलं खोटं बोलायला जास्त कचरतात. मी आजीपुढे पुन्हा कधी जिन्यातून ओरडले नाही.

मुख्याध्यापिकांशी बोलताना मात्र खऱ्या-खोट्याचा विषय काढू नका, त्यांना तो आरोप वाटेल. त्यांना एवढंच विचारा की प्रदर्शनात परीक्षकांनी एखाद्या मुलाला विचारलं, ‘हा चंद्र तू कुठून बघितलास?’ तर आपली मुलं काय सांगतील? देखण्या वह्या त्या प्रश्नाला टिकणार नाहीत. गच्चीची पट्टी काढलेलं मूल पंधरा मिनिटं बोलत राहील.

बिस्किटांचा प्रयोग मी टाकून देणार नाही, मुलांना खायला आवडतो. पण त्यातून चंद्र असा का दिसतो हे काहीच कळत नाही, आणि बहुतेक मुलं (मोठी माणसंही) पृथ्वीची सावली पडून कला होतात असंच समजून चालतात. सावली फक्त ग्रहणात पडते. हे तोंडानं शंभरदा सांगून पटत नाही. त्याऐवजी गणपतीच्या कार्यशाळेतून उरलेली शाडू माती शोधा. लिंबाएवढे गोळे वळा, नीट वाळू द्या आणि एकेक जुन्या पेन्सिलीवर खोचा. कार्तिक वद्य सप्तमी-अष्टमीच्या सकाळी आठच्या सुमारास मैदानात उन्हात उभं राहून प्रत्येक मुलानं आपला गोळा हात लांब करून आभाळातल्या चंद्राच्या अगदी शेजारी धरायचा. गोळा जेवढा उजळलेला दिसेल तेवढाच चंद्र, आणि त्याच बाजूनं. गोळ्यावर कुणाचीही सावली नाही, हे मूल स्वतःच बघेल.

हे शाळेच्या इमारतीच्या सावलीत उभं राहून जमत नाही, म्हणून आदल्या दिवशी आठ वाजता मैदानात ऊन कुठवर येतं ते बघून ठेवा. आणि गोळे दोन-चार जास्तच वळा, निम्मे प्रार्थनेआधीच फुटलेले असतात.